पाद्री स्टीफन्स यांचे दोन शिक्षाग्रंथ

१

मराठी पाठ्यपुस्तकांतून पाद्री तोमास स्टीफन्स यांचें नांव बहुधा एकाच वेंच्याच्या निमित्तानें येतें. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीं मराठी भाषेची जी स्तुति आहे, तोच हा वेंचा होय. प्रस्तुत लेखकानें तो तीस वर्षांहून अधिक काळ वर्गांत शिकविला. त्यांतील उपमा उलगडून दाखविल्या, ज्ञानेश्वरींतील मराठीच्या अभिमानाशीं त्याची तुलना केली, आणि एका परदेशस्थानें आपल्या भाषेचें केवढें कौतुक केलें हें ऐकून मुलांच्या मुद्रा प्रफुल्लित झाल्या कीं तास सार्थकीं लागला असें मानलें. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, त्यांना आपली भाषा एवढी आवडली होती, तर आपलीं पुराणें होतींच कीं. मग नवें पुराण कशाला लिहिलें?" मीं "धर्मप्रसारासाठीं" एवढें उत्तर देऊन पुढील ओवीकडे वळलों. उत्तर खोटें नव्हतें, परंतु तें पुरेंही नव्हतें. त्या प्रश्नाचें पुरें उत्तर ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरांत ग्रंथकारांनीं स्वतः देऊन ठेवलें आहे. तें वर्गास वाचून दाखविण्याचें मीं टाळलें, हा दोष माझा.

सेवानिवृत्तीनंतर हा ग्रंथ आद्यंत वाचण्यास सवड मिळाली. त्याच्या जोडीला स्टीफन्स यांचें दुसरें, मुलांसाठीं लिहिलेलें, 'दौत्रिन क्रिस्तां' हें पुस्तकही वाचलें. तेव्हां असें दिसून आलें कीं या दोन ग्रंथांची आमच्याकडे जी फारकत झाली आहे ती दोहोंच्याही परीक्षणास बाधक आहे. पुराण काव्याच्या अभ्यासकांनीं घेतलें आणि दौत्रिन भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनीं घेतलें. परंतु ग्रंथकारांनीं दोन्ही पुस्तकें धर्मशिक्षणासाठीं लिहिलीं होतीं. शिक्षाग्रंथाची परीक्षा शिक्षाग्रंथ म्हणूनच झाली पाहिजे. ती करण्याचा हा अल्प यत्न आहे.

२

ग्रंथकारांचें चरित्र प्रसिद्ध असल्यामुळें येथें कार्यापुरतेंच सांगतों. स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. दौत्रिनाच्या मुखपृष्ठावर मात्र त्यांस लंडनचे म्हटलें आहे. दूरदेशीं मुद्रकास विल्टशरपेक्षां लंडन अधिक परिचित, एवढाच त्याचा अर्थ असावा. त्या काळीं इंग्लंडांत राणी एलिझाबेथचें राज्य होतें, आणि रोमच्या पोपचा पंथ उघडपणें आचरणाऱ्यास तेथें जाच सोसावा लागे. स्टीफन्स स्वदेश सोडून रोमास गेले व १५७५ सालीं जेझुइट संघांत प्रविष्ट झाले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून त्याच वर्षीं ता. २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास पोंचले. या प्रवासाचें वर्णन करणारें, वडिलांस धाडलेलें त्यांचें पत्र हक्लूटच्या प्रवासवृत्त-संग्रहांत छापलेलें आहे. पुढील चाळीस वर्षें त्यांनीं गोव्यांत, व त्यांतील बहुतेक काळ साष्टी प्रांतांत, घालविलीं. १६१९ सालीं तेथेंच त्यांचा देहान्त झाला.

या चरित्रांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत या देशींच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे असें त्यांनीं म्हटलें आहे. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या सजातीयत्वाचा सिद्धान्त १७८६ सालीं मांडला, म्हणजे या पत्रानंतर दोनशें तीन वर्षांनीं. अर्थात् ही व्यक्ति व्याकरणाची डोळस जाणकार होती. दुसरी गोष्ट त्याच १५८३ सालची. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत साष्टींतील कुंकळ्ळी येथें पांच जेझुइट मारले गेले. त्यांचीं प्रेतें मिळविण्याच्या कामीं स्टीफन्स यांचा हात होता. पुढें पोर्तुगीज सरकारनें त्या गांवच्या प्रमुखांचा वध करविला. ज्या भूमींत हे दोन ग्रंथ लिहिले गेले ती अशी होती. स्वतःच्या धर्मावरील राजसत्तेच्या जाचामुळें जन्मभूमि सोडलेला हा मनुष्य, ज्या देशांत त्याच्याच धर्माची राजसत्ता इतरांस जाच करीत होती अशा देशीं येऊन गुरु झाला. या विपरीत योगाचा उल्लेख त्यांनीं कोठें केलेला माझ्या वाचनांत नाहीं. परंतु वाचकानें तो विसरूं नये.

३

आतां ग्रंथांकडे वळूं. ख्रिस्तपुराण प्रथम इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथील जेझुइट विद्यालयांत छापलें गेलें. १६४९ व १६५४ या सालीं त्याचीं पुनर्मुद्रणें झालीं. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा ३६ अवस्वरांत आहे. दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र ५९ अवस्वरांत आहे. एकंदर ओव्या सुमारें ११ हजार. दौत्रिन क्रिस्तां हें पुस्तक ग्रंथकारांच्या मृत्यूनंतर, १६२२ सालीं, रायतूर येथेंच निघालें. मुलांना शिकविण्याकरितां संवादरूपानें रचलेलें, असें त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. यांशिवाय स्टीफन्स यांनीं लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण पाद्री दियोगु रिबैरु यांनीं वाढवून १६४० सालीं छापविलें. तेंही अखेर धर्मशिक्षणाचेंच साधन होय. कारण शिकविणाऱ्या पाद्र्यांस लोकांची भाषा यावी हाच त्याचा हेतु. तथापि तें गुरूंसाठीं असल्यामुळें येथें बाजूस ठेवतों.

संस्कृत शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीति आहे. विषय कोणता, अधिकारी कोण, प्रयोजन काय आणि यांचा परस्परसंबंध कोणता, हे चार प्रश्न सुटल्यावांचून ग्रंथास हात घालूं नये असा संकेत आहे. तो येथें उपयोगीं पडतो. दोन्ही ग्रंथांचा विषय एकच, म्हणजे ख्रिस्ती धर्माचीं तत्त्वें. प्रयोजनही एकच, म्हणजे नवख्रिस्ती समाज त्या तत्त्वांत स्थिर व्हावा. भेद आहे तो अधिकाऱ्यांत. दौत्रिनाचा अधिकारी बालक, पुराणाचा अधिकारी प्रौढ श्रोता. या एका भेदापासून भाषा, छंद, रचना व शब्दयोजना हे सर्व भेद निघतात.

दौत्रिनाची भाषा साष्टींतील ब्राह्मणांच्या तोंडची कोंकणी, आणि रचना गद्य. आज उपलब्ध असलेल्या छापील कोंकणी पुस्तकांत हें सर्वांत जुनें गणलें जातें. त्याचा सांगाडा स्टीफन्स यांचा स्वतःचा नव्हे. मार्कुश जोर्ज या पोर्तुगीज जेझुइटाची एक प्रश्नोत्तररूप पुस्तिका त्या काळीं फार प्रचारांत होती. तिचें तमिळ रूपांतर पाद्री हेन्रिक हेन्रिकेश यांनीं १५७९ सालीं कोचीन येथें छापविलें. जपानांत तिच्यावरून पुस्तक झालें. आफ्रिकेंतील कोंगो देशाच्या भाषेंतही ती १६२४ सालीं उतरली. स्टीफन्स यांचें पुस्तक याच कुळांतलें. तेव्हां त्यांतील मतप्रतिपादनाचें श्रेय किंवा दोष स्टीफन्स यांस देणें व्यर्थ होय. त्यांचें कर्तृत्व शोधावयाचें तें वाक्यांत. आणि वाक्यें खरोखर चांगलीं आहेत. लहान, एका श्वासांत म्हणतां येतील अशीं, क्रियापद जागच्या जागीं असलेलीं. ज्यानें मुलांकडून पाठांतर करून घेतलें आहे त्यास लांब वाक्याचा तोटा सांगावयास नको. मुलाचा श्वास जेथें संपतो तेथेंच त्याचा अर्थही संपतो. पोर्तुगीज वाक्यांची वळणें कोंकणींत न ओढतां कोंकणीच्या चालीनें वाक्यें घडविलेलीं आहेत, हें या पुस्तकाचें पहिलें यश.

दुसरी गोष्ट लिपीची. दोन्ही पुस्तकें रोमन अक्षरांत छापलेलीं आहेत. 'ण' या वर्णासाठीं दोन एन्, 'व' साठीं यू, अशी योजना त्यांत दिसते. मूर्धन्य व दन्त्य वर्णांचा भेद युरोपीय कानास सहज कळत नाहीं. तो ऐकून, त्याचें महत्त्व ओळखून, अपुऱ्या अक्षरांतूनही दाखविण्याची ही खटपट वैयाकरणाची आहे. परंतु स्टीफन्स यांस स्वतःस ही तडजोड रुचली नव्हती. १६०८ सालीं संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस धाडलेल्या पत्रांत, मलबारांत झाल्याप्रमाणें येथेंही देशी लिपींत पुस्तकें छापावीं ही आपली अनेक वर्षांची इच्छा असल्याचें ते लिहितात. अडचण अशी कीं युरोपांत दोन डझन ठशांत जें काम भागतें त्यास येथें जोडाक्षरांसह सहाशें ठसे लागावयाचे. ही इच्छा सफल झाली नाहीं. परिणामीं जो ग्रंथ लोकांसाठीं लिहिला तो लोकांच्या अक्षरांत न येतां शिकविणाऱ्यांच्या अक्षरांत आला. अधिकारी व ग्रंथ यांमध्यें जो संबंध असावयाचा तो येथें प्रथम तुटला.

४

मम्मटानें 'काव्यप्रकाशा'त उपदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वेदादि शास्त्रें धन्याप्रमाणें आज्ञा करतात, तो प्रभुसंमित उपदेश. पुराणें व इतिहास मित्राप्रमाणें समजावून सांगतात, तो सुहृत्संमित. काव्य प्रियेप्रमाणें रसानें वश करून घेतें, तो कान्तासंमित. माझ्या मतें स्टीफन्स यांच्या दोन ग्रंथांतील भेद या विभागणीनें जितका स्पष्ट होतो तितका गद्य-पद्य किंवा कोंकणी-मराठी या भेदानें होत नाहीं.

दौत्रिन हा प्रभुसंमित उपदेश आहे. त्यांत प्रश्न आहेत, परंतु प्रश्नही ग्रंथकाराचेच आणि उत्तरेंही ग्रंथकाराचींच. मुलानें दोन्ही पाठ करावयाचीं. आमच्या परंपरेंतही प्रश्नोत्तररूप ग्रंथ आहेत. आचार्यांच्या नांवावर चालणारी प्रश्नोत्तररत्नमालिका सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां या रचनेस परकीय म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु असल्या ग्रंथांत शंका ही खरी शंका नसते. ती उत्तराचें खुंटाळें असते. दशाज्ञा, श्रद्धासूत्र, प्रार्थना, संस्कारांची गणना, हें सर्व मुलाच्या मुखीं बसावें एवढेंच येथें अभिप्रेत आहे, आणि तेवढें काम पुस्तक चोख करतें. त्याहून अधिक त्याजकडे मागूं नये.

पुराणाचें तसें नाहीं. त्याच्या पहिल्या अवस्वरांतील प्रसंग असा: साष्टींत एके देवळीं मुलांना धर्मपाठ, म्हणजे गोव्यांतील ख्रिस्ती मंडळी ज्यास 'दोतोर्न' म्हणतात तो, शिकविण्याचें काम चालू असतां एक ब्राह्मण, अर्थात् ख्रिस्ती झालेला, पाद्री-गुरूस प्रश्न करतो. मुलांना हें शिकवितां तें योग्यच. परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास, मन रमवावयास, दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? या प्रश्नाचें उत्तर म्हणून सगळा ग्रंथ उभा आहे.

या प्रसंगाचें महत्त्व दुहेरी आहे. दौत्रिन आणि पुराण यांची सांगड ग्रंथकारांनीं स्वतःच येथें घातली आहे. दौत्रिनाचा वर्ग चालू असतांनाच त्याचें अपुरेपण एक श्रोता दाखवितो, आणि गुरु तें मान्य करतो. मान्य करतो म्हणजे काय, तर पाठ केलेलीं उत्तरें मनुष्यास पुरत नाहींत. त्यास कथा हवी, चाल हवी, सायंकाळीं घरीं बसून ऐकावयास कांहीं तरी हवें, हें तो कबूल करतो. कित्येक गुरुजन आयुष्यभर हें कबूल करीत नाहींत. स्टीफन्स यांच्या शिक्षकपणाची थोरवी मी येथें मानतों.

दुसरें महत्त्व कटु आहे. त्या श्रोत्याच्या प्रश्नांत एक गाऱ्हाणें आहे, आणि तें ग्रंथांत जसेंच्या तसें राहिलें आहे. 'आमचीं पुराणें वर्ज्य केलीं' हें विधान ग्रंथकार नाकारीत नाहींत. तें नाकारण्याजोगेंही नव्हतें. साष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडलीं गेलीं होतीं. गोव्यांत धर्मसमीक्षण न्यायालय १५६० पासून बसलें होतें. मौज अशी कीं ज्या पोथ्या लोकांच्या हातीं राहूं नयेत असा दंडक होता, त्याच पोथ्या पाद्र्यांनीं भाषा शिकण्यासाठीं उतरून घेतल्या. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत रामायण-महाभारताच्या कोंकणी व मराठी कथा रोमन लिपींत लिहिलेल्या स्थितींत आजही आहेत. म्हणजे श्रोत्याच्या घरची पोथी गेली, आणि त्या पोथींतली ओवी गुरूच्या मुखांतून नव्या कथेसह परत आली. मागच्या बांकावरील त्या मुलास द्यावयाचें खरें उत्तर हें होतें.

मग प्रश्न उभा राहतो तो असा. सुहृत्संमित उपदेश करणाऱ्याच्या पाठीशीं प्रभूचा दंड उभा असेल, तर तो उपदेश सुहृदाचा राहतो काय? पुराणाची परीक्षा या कसोटीवर झाली पाहिजे. भाषास्तुतीचा वेंचा किती गोड आहे याच्यावर ती होऊं शकत नाहीं.

५

ही परीक्षा दोन ठिकाणीं करतां येते: शब्दांत आणि कथनाच्या रीतींत.

प्रथम शब्द. भाषेविषयीं ग्रंथकारांनीं प्रस्तावनेंत सांगितलें आहे कीं या देशींच्या भाषांत परमेश्वरविषय निरूपण करण्यास मराठी योग्य दिसली; परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांस न कळेल म्हणून तींत ब्राह्मणांच्या बोलींतील सोपे शब्द मिसळले. अधिकाऱ्याचा हा विचार शिक्षकास शोभणारा आहे. धर्मविषयक शब्दांत मात्र दोन थर दिसतात. ईश्वरास 'परमेश्वर' व 'देव', स्वर्गास 'वैकुंठ', कुमारिकेस 'अंकवारी', त्याचप्रमाणें भक्त, मुक्ति, मोक्ष हे शब्द त्यांनीं निःशंकपणें घेतले. याउलट पवित्र आत्म्यास 'स्पिरितु सांतु' हा परकीय शब्दच राहिला, आणि चर्चच्या संस्कारांचीं व अधिकाऱ्यांचीं नांवेंही बहुधा पोर्तुगीज वळणाचींच राहिलीं.

यांत कांहीं नियम आहे काय? माझ्या मतें आहे. मनुष्याचें ज्यावर प्रेम बसावयाचें, ज्याची त्यास आशा धरावयाची, तेथें शब्द श्रोत्याचा घेतला आहे. संघाच्या आचाराची व अधिकाराची जेथें बाब आली तेथें शब्द गुरूचा ठेवला आहे. पहिला थर सुहृदाचा, दुसरा प्रभूचा. ही सावधगिरी निष्कारण नव्हती. जपानांत झेवियर यांनीं ईश्वरासाठीं प्रथम 'दाइनिचि' हा तेथील बौद्ध शब्द वापरला. तो बुद्धाच्याच एका रूपाचा वाचक आहे असें कळतांच त्यांना तो टाकावा लागला आणि 'देउस' हा लॅटिन शब्दच तेथें रूढ करावा लागला. हा अनुभव संघांत सर्वश्रुत असतांना स्टीफन्स यांनीं 'वैकुंठ' शब्द ठेवला, हें साहस म्हणावयास हवें. संस्कृत जाणणारास वैकुंठ म्हणतांच विष्णु आठवतो. साष्टींतील श्रोत्यासही तोच आठवत असला पाहिजे. ग्रंथकारांनीं ती आठवण पुसली नाहीं. तिच्यावर नवा अर्थ ठेवला. श्रोत्याच्या स्मृतीवर हा विश्वास आहे, कीं त्या स्मृतीचा हा उपयोग आहे? दोन्ही आहे, असें म्हणण्यावांचून मला गत्यंतर दिसत नाहीं.

येथें पाठभेदाचा विचार करणें अवश्य आहे. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांतील, लंडन येथें असलेली देवनागरी पोथी जस्टिन ॲबट यांनीं गेल्या शतकाच्या पहिल्या चरणांत उजेडांत आणली. रोमन परंपरेंतील पाठांहून तिचे शब्द अधिक संस्कृतनिष्ठ आहेत. हा मूळचा पाठ आणि रोमन हा सुलभ केलेला, कीं रोमन हा मूळचा आणि देवनागरी हा कोणा व्युत्पन्नानें संस्कारिलेला, याविषयीं मतभेद आहेत. वर सांगितलेला द्विस्तर-नियम रोमन पाठावरून काढलेला आहे. मार्सडेन पोथी मूळची ठरल्यास दुसरा थर बराच पातळ होईल, आणि ग्रंथकारांचें साहस मी मानतों त्याहून मोठें ठरेल. ही मर्यादा मला मान्य आहे. तरीही ग्रंथकारांचा प्रस्तावनेंतील सुबोधतेचा आग्रह पाहतां, रोमन पाठ त्यांच्या हेतूस जवळचा आहे असें मला वाटतें.

आतां कथनाची रीति. टीकाकार ख्रिस्तपुराणास महाकाव्य म्हणून मोजूं लागले कीं त्यांस पुष्कळ उणें दिसतें. कथा मध्येंच थांबते आणि सिद्धान्त सुरू होतो. यमकें कधीं कधीं केवळ चरण भरण्यासाठीं येतात. परकीय नामावळीनें ओवी अडखळते. हे दोष खरे आहेत. मूर्तिपूजेचा जेथें निषेध येतो तेथें तर सुहृदाचा स्वर साफ सुटतो व धन्याचा स्वर ऐकूं येतो. हा दोष केवळ काव्याचा नव्हे. परंतु कथा थांबवून सिद्धान्त सांगणें हा पुराणाचा दोष मानावयाचा तर भागवतासही तो लागेल. पुराण हें पुराणिकानें वाचावयाचें, थांबावयाचें, समजावून सांगावयाचें असतें. श्रोता शंका काढतो, गुरु उत्तरतो आणि कथा पुढें चालते. हीच रीति येथें आहे. या शंकांपैकीं कांहीं खऱ्या शंका आहेत; त्या दौत्रिनांतल्यासारखीं उत्तराचीं खुंटाळीं नव्हेत. ज्यास पूर्वीं वेगळें कांहीं ठाऊक होतें अशाच मनुष्यास त्या सुचाव्या. त्या लिहून ठेवणाऱ्यानें त्या कधीं तरी समोर बसून ऐकल्या असल्या पाहिजेत. काना गांवचें लग्न किंवा मरियेचा पुत्रशोक अशा प्रसंगीं तर श्रोत्यास आपल्याच घरची गोष्ट ऐकल्यासारखें वाटावें अशी ओवी उतरली आहे. एकनाथांच्या भागवताची समाप्ति १५७३ सालची मानली जाते; तिच्यानंतर अवघ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एका इंग्रज गृहस्थानें ओवी इतकी आपलीशी करावी, हें केवळ व्याकरणाच्या ज्ञानानें साधण्यासारखें नव्हे. त्यास लोकांत बसावें लागतें.

६

शिक्षाग्रंथाची शेवटची परीक्षा ग्रंथकार घेत नाहीं, टीकाकारही घेत नाहीं. ती विद्यार्थी घेतो. शाळा सुटल्यावर जें पुस्तक कोणी पुन्हां उघडीत नाहीं तें पास झालें असें म्हणतां येत नाहीं. या दृष्टीनें दोन्ही ग्रंथांची पुढील गति पाहण्यासारखी आहे.

ता. २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या व्हिसेरेइनें स्थानिक भाषेचा व्यवहार तीन वर्षांत बंद करून पोर्तुगीज भाषाच चालवावी असा हुकूम काढला. ज्या राजसत्तेच्या आश्रयानें हे ग्रंथ निघाले तीच आतां त्यांच्या भाषेवर उलटली. दौत्रिनाच्या छापील प्रती पाठ्यपुस्तकांच्या नेहमींच्या गतीस गेल्या. मुलांच्या हातीं पडलेलीं पुस्तकें झिजतात, फाटतात आणि नाहींशीं होतात. त्याच्या प्रती लिस्बन व रोम येथील मोठ्या ग्रंथालयांत तेवढ्या जतन झाल्या. लिस्बन येथें १९४५ सालीं मारियान साल्दाञ यांनीं त्याची छायाप्रत प्रसिद्ध केली, आणि पुढें अ. का. प्रियोळकर यांनीं तें देवनागरींत आणून मराठी वाचकांस सुलभ केलें.

पुराणाची गति याच्या अगदीं उलट. त्याच्या तीनही मुद्रणांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. तरीही ग्रंथ टिकला, कारण लोकांनीं तो हातानें उतरून घेतला. गोव्यांत उतरला, आणि गोवा सोडून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो बरोबर नेला. मंगळूरकडील घरांतून उपवासकाळांत तो गाऊन वाचण्याचा प्रघात पुष्कळ काळ होता. असल्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्दाञ यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें आपली आवृत्ति काढली. पुढें १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली, आणि नंतर कॅरिदाद द्रागो व नेल्सन फाल्कांव यांच्या आवृत्त्या झाल्या.

अकरा हजार ओव्या हातानें उतरावयाच्या म्हणजे कित्येक महिन्यांचें काम. १६८४ नंतर तें काम करा असें सांगणारा कोणी अधिकारी नव्हता. उलट भाषा सोडा असें सांगणारा होता. तेव्हां ज्यांनीं तें केलें त्यांनीं तें आपण होऊन केलें. मघां विचारलेल्या प्रश्नाचें, प्रभूचा दंड पाठीशीं असतां उपदेश सुहृदाचा राहतो काय या प्रश्नाचें, उत्तर यांतून अर्धें मिळतें. दंड असेपर्यंत तें सांगतां येत नाहीं. दंड दूर झाल्यावर श्रोता जवळ राहतो कीं निघून जातो यावरून तें कळतें. ख्रिस्तपुराणाचा श्रोता राहिला. परंतु उत्तर अर्धेंच मिळतें, हेंही सांगितलें पाहिजे. ज्या श्रोत्यानें पहिल्या अवस्वरांत आपल्या जुन्या पुराणांविषयीं विचारलें, त्यास तीं परत मिळालीं नाहींत. त्याच्या नातवंडांनीं नव्या पुराणावर प्रेम केलें म्हणून त्याचें गाऱ्हाणें खोटें ठरत नाहीं.

तेव्हां माझी सूचना एवढीच आहे. पाठ्यपुस्तकांत भाषास्तुतीचा वेंचा अवश्य राहावा. तो राहण्याच्या योग्यतेचाच आहे. परंतु त्याच्या शेजारीं पहिल्या अवस्वरांतील त्या ब्राह्मणाचा प्रश्नही घालावा. पाद्री स्टीफन्स यांनीं तो आपल्या ग्रंथांतून वगळला नाहीं. वगळला तो आम्हीं शिक्षकांनीं. ग्रंथकारांपाशीं जें धैर्य होतें तें त्यांचा ग्रंथ शिकविणाऱ्यांपाशीं असूं नये, हें बरें नव्हे.

इत्यलम्.